नंदीचं शिंग आणि धुऱ्याचं भांडण

प्रश्न: ताई, आम्ही यवतमाळ जिल्ह्यातल्या एका लहान गावात राहतो. माझा मुलगा पाचवीत आहे. शेजारचाही पाचवीत, त्याच वर्गात. दोघांच्या जन्मात नऊ दिवसांचं अंतर. घराला घर लागून, वावराला वावर लागून. लहानपणी एका ताटात जेवायचे, आता एकमेकांचं तोंड पाहत नाहीत. वर्गात कोण पुढे, धावण्यात कोण पुढे, कोणाची सायकल भारी, सगळ्यात चढाओढ. शेजारचा हुशार आहे. घटक चाचणीत त्याला गणितात २५ पैकी २३, परिसर अभ्यासात २१, इंग्रजीत २२ मिळाले. माझा मेहनती आहे, पण त्याच्यापुढे कमी पडतो. यंदा दोघांचेही नवोदयचे, म्हणजे सहावीपासूनच्या सरकारी निवासी शाळेचे, अर्ज भरले आहेत. तान्ह्या पोळ्याला, म्हणजे पोरं लाकडी नंदी सजवून मिरवतात त्या दिवशी, शेजारच्याच्या नंदीला पहिलं बक्षीस मिळालं, माझ्या मुलाला काहीच नाही. परत येताना त्याने त्या नंदीचं शिंग मोडलं. सागवानी नंदी, त्यांच्या आजोबांच्या वेळचा. वरून म्हणाला, "तुया बापानं आमचा धुरा कोरला, आता बक्षीसबी तूच घेतं काय?" (धुरा म्हणजे दोन वावरांमधला बांध.) मी सगळ्या आळीसमोर त्याच्या दोन थोबाडीत दिल्या. तेव्हापासून शेजारीण माझ्याशी बोलत नाही आणि मुलगाही बोलत नाही. हे म्हणतात, पोरांचं भांडण आहे, सोडून दे. सासूबाई म्हणतात, त्या घराशी संबंधच तोडा. मला वाटतं, दिवाळीनंतर मुलाला माझ्या माहेरी, वर्धा जिल्ह्यात, मामाकडे शिकायला ठेवावं. काय करू?

— एक आई

उत्तर: तुमचं पत्र मी दोनदा वाचलं. दुसऱ्यांदा वाचताना हातात पेन्सिल होती. एकतीस वर्षं जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवल्यावर पेन्सिलीशिवाय वाचायची सवयच राहत नाही. नावं कळवली नाहीत ते बरं केलंत. लिहायला सोपं जावं म्हणून तुमच्या लेकाला मी गोलू म्हणते आणि शेजारच्याला चिंटू. आपल्याकडे दर आळीत एक गोलू असतोच, त्यामुळे कोणी ओळखेल ही भीती नको.

पेन्सिलीने मी दोन ठिकाणी खुणा केल्या.

पहिली खूण गुणांपाशी. चिंटूचे तीन विषयांचे गुण तुम्हाला तोंडपाठ आहेत. गोलूला किती मिळाले ते अख्ख्या पत्रात कुठेच नाही. "मेहनती आहे, पण कमी पडतो," एवढ्यावर त्याची बोळवण. रागावू नका, पण आठवून बघा. पेपर घेऊन गोलू घरात शिरतो तेव्हा तुमचा पहिला प्रश्न काय असतो? माझा अंदाज, "त्याले किती भेटले?" पायातल्या चपला निघायच्या आधी पोराला शेजारच्याचा हिशोब द्यावा लागतो. स्वतःचा पेपर दप्तरातच राहतो. मी पालकसभेत हे इतक्या वेळा पाहिलं आहे की मोजायचं सोडून दिलं. आई पोराची प्रगतिपुस्तिका हातात घेते आणि बोट मात्र दुसऱ्याच्या नावावर ठेवते.

दुसरी खूण धुऱ्यापाशी. दहा वर्षांचं पोट्टं भांडताना काय म्हणतं? "तुया नंदी भंगार हाय." "तू चीटिंग केली." "माया बाबा तुले मारन." धुरा कोरला, ही पोराची भाषाच नाही. नांगरताना फाळ कसा बोटभर पलीकडे सरकतो, दरसाल अर्धं तास, म्हणजे पिकाची अर्धी ओळ, खाल्लं की चार-पाच वर्षांत पऱ्हाटीची, म्हणजे कपाशीची, दोन तासं कशी गायब होतात, हे परिसर अभ्यासाच्या पुस्तकात नाही. हे त्याने तुमच्याच घरात, रात्री जेवता जेवता ऐकलं आहे. पोरं खाली मान घालून भाकरीत भाजी कालवत असतात तेव्हा त्यांचे कान बंद असतात असं आपल्याला उगाच वाटतं. ती मान खाली असते ती नीट ऐकू यावं म्हणूनच.

तेव्हा तुमचे मालक म्हणतात ते अर्धंच खरं. भांडण पोरांचं आहे, पण त्याच दाव्याला मोठ्यांचंही भांडण बांधून ठेवलं आहे. एक ढोर ओढलं की दुसरंही फरफटत येतं. आधी ही दोन दावी वेगळी करा. पोरांची चढाओढ त्यांची त्यांना राहू द्या. तिला हात लावू नका.

हो, हात लावू नका म्हणतेय. तुम्हाला वाटलं असेल की ताई दोघांची गट्टी करून देण्याचा उपाय सांगतील. पण चढाओढ हा रोग नव्हे. माझी स्वतःची सांगते.

आमच्या घराच्या आणि शेजारच्या घराच्या मधे भिंत नव्हती, तुराट्यांचा कूड होता. शेणामातीने लिंपलेला, पण वरच्या बाजूला माती गळून फटी पडलेल्या. पलीकडे माझ्याच वयाची मुलगी. तेव्हा चौथीत स्कॉलरशिपची परीक्षा असायची, आणि आम्ही दोघी बसलो होतो. रात्री त्या फटींमधून तिच्या कंदिलाचा उजेड आमच्या भिंतीवर पडायचा, बारीक बारीक रेघांसारखा. त्या रेघा दिसतात तोवर मी पुस्तक मिटायची नाही. डोळे मिटायचे, मान पडायची, ओळ तीच तीच वाचायची, पण कंदील विझवायचा तो तिचा विझल्यावरच. आमचे बाबा रॉकेलवरून बोलायचे, कारण रेशनवर मिळायचं ते महिनाभर पुरवायचं असे. खूप वर्षांनी ती एका लग्नात भेटली तेव्हा कळलं की पलीकडे तीही आमच्या रेघा बघत बसायची, आणि तिचे वडीलही रॉकेलवरून शिव्या घालायचे! दोघींनी मिळून किती बाटल्या जाळल्या असतील, देव जाणे. पण ती शेजारी नसती तर मी शिकले नसते, हेही तितकंच खरं.

या गोष्टीला एक वाईट शेपूटही आहे. परीक्षेच्या आदल्या आठवड्यात तिला हिवताप झाला आणि मला मनातून बरं वाटलं. हे मी त्या लग्नातही तिला सांगितलं नाही. आज वाटतं की ते बरं वाटणं माझं एकटीचं नव्हतं. तिला ताप आल्याची बातमी घरात आली तेव्हा माझ्या आत्याने चुलीपुढून मान वर करून माझ्याकडे पाहिलं आणि हलकेच हसली. तेवढंच. मी नऊ वर्षांची होते, पण ते हसू मला बरोबर वाचता आलं.

आता शिंगाचं बघू, कारण ते काम थांबवून ठेवण्यासारखं नाही.

गोलूला त्यांच्या दारात उभं करून, कान धरून माफी मागायला लावू नका. आळीसमोर मार खाऊन झालाय, आता आळीसमोर माफी म्हणजे दुसरा मार. आणि त्या माफीतून तो शिकणार काय? तर चिंटूमुळे आपली दोनदा शोभा झाली. त्यापेक्षा शिंग दुरुस्त करायचं काम त्याच्यावर टाका. शेजारणीकडे नंदी आणि शिंगाचा तुकडा मागायला तुम्ही स्वतः जा, पोराच्या हाती निरोप धाडू नका. एवढंच म्हणा, "बाई, शिंग माझ्या पोरानं मोडलं, बसवून आणतो." चहा दिला तर घ्या, नाही दिला तर उंबऱ्यावरून परत या. नंदी द्यायला तयार झाली नाही तर आठ दिवसांनी पुन्हा जा. तिच्या सासऱ्यांची वस्तू आहे ती, चटकन हातात देणार नाही.

मग गोलूला घेऊन गावातल्या सुताराकडे जा. सागवान आहे, तुकडा जपून ठेवला असेल तर काम सोपं असतं. दोन्ही बाजूंना बारीक भोक पाडून मधे लाकडाची खुंटी बसवायची, फेविकॉल लावायचा, दोरीने आवळून रात्रभर ठेवायचं, दुसऱ्या दिवशी पॉलिश पेपर मारायचा. पॉलिश पेपर गोलूनेच मारावा. सुताराचे पैसे त्याच्या बोजाऱ्यातून जाऊ द्या. तान्ह्या पोळ्याला घरोघरी नंदी फिरवून बोजारा मिळालाच असेल ना? कमी पडले तर उरलेले तुम्ही घाला, पण त्याची मूठ आधी रिकामी होऊ द्या. जोड थोडा दिसेल. दिसू द्या, रंग लावून लपवायच्या भानगडीत पडू नका. नंदी परत द्यायला मात्र त्याने एकट्याने जावं, तुम्ही मागे उभ्या राहू नका.

थोबाडीत मारल्याचं काय? तेही राहिलंच आहे. रात्री निजायच्या वेळी, दिवा मालवल्यावर त्याला सांगा की शिंग मोडलं ते चुकलंच, पण चारचौघांत माझा हात उठला तेही चुकलं. मोठं भाषण नको. तो लगेच बोलेल अशी अपेक्षा धरू नका.

पोरांच्या चढाओढीसाठी आपल्या पोळ्यातच एक फार छान सोय करून ठेवलेली आहे, झडत्यांची. तोरणाखाली बैलजोड्या उभ्या राहिल्या की एकाने झडती म्हणायची, दुसऱ्याने त्याला पुरून उरेल अशी म्हणायची. भरपूर टोमणे, भरपूर खेचाखेची, आणि शेवटी सगळ्यांनी मिळून एकच गजर. मी शाळेत तान्ह्या पोळ्याच्या आधी पोरांकडून झडत्या लिहून घ्यायचे. एका पोराने लिहिलेली अजून आठवते:

*चाकावरचा नंदी माया फिरते गरगर*
*तुया नंदीचं चाक निसटलं, घे आता पाठीवर*
*एक नमन गौरा पार्वती, हर बोला हर हर महादेव!*

ज्याच्या नंदीचं चाक खरोखर निसटलं होतं, तो पोरगा सगळ्यात जोरात हसत होता. भांडायचंच असेल तर यमक जुळवून भांडा, अशी अट गोलू-चिंटूला घालून बघा. यमक जुळवताना निम्मा राग तसाच उतरतो. नाही जमलं तर सोडून द्या. हा माझा मास्तरी नाद आहे.

आता नवोदय. इथे तुमच्या घरात एक हिशोब चुकतोय असं मला वाटतं. तुमच्या डोक्यात बहुधा असं आहे की एक जागा आहे आणि ती एकतर चिंटू नेणार किंवा गोलू. नवोदयमध्ये सहावीला जास्तीत जास्त ८० मुलं घेतात. त्यातल्या किमान ७५ टक्के जागा ग्रामीण भागातल्या मुलांच्या, आणि एकूण जागांपैकी तिसरा हिस्सा मुलींचा. तुमच्या जिल्ह्यातून हजारो पोरं बसतात. गोलूची स्पर्धा त्या सगळ्यांशी आहे. चिंटूला जागा मिळाली म्हणून गोलूची गेली असं होत नाही. दोघंही लागू शकतात आणि दोघंही राहू शकतात. राहिले तर जग बुडत नाही हे घरात आधीच मोठ्याने बोलून ठेवा, कारण सहावीची ही परीक्षा एकदाच देता येते आणि पोरांना ते ठाऊक असतं.

(जाता जाता: १९८५-८६ साली नवोदयचा प्रयोग म्हणून देशात पहिल्यांदा ज्या दोन शाळा निघाल्या, त्यातली एक हरियाणात झज्जरला आणि दुसरी आपल्या अमरावती जिल्ह्यात. पोरांना सांगा, कॉलर जरा ताठ होते.)

या परीक्षेचा पेपर बघितला असेल तुम्ही. दोन तास, ८० प्रश्न, १०० गुण. त्यातले ४० प्रश्न, म्हणजे ५० गुण, मानसिक क्षमतेचे. वेगळी आकृती ओळखा, अपुरी आकृती पूर्ण करा, आरशातलं चित्र शोधा. हे एकट्याने पाठ करून येत नाही. समोर कोणीतरी लागतं, जो म्हणेल, "अरे, हा त्रिकोण उलटा फिरला, तुले दिसत नाही काय?" गावात गोलूला असा जोडीदार शोधायला गेलात तर एकच सापडेल, आणि तो तुमच्या भिंतीपलीकडे बसला आहे.

पण त्यांना एकत्र बसवून, खाऊ देऊन मैत्री होईल या आशेवर राहू नका. आमच्या शिक्षणशास्त्राच्या अभ्यासात एक प्रयोग होता. १९५४ साली अमेरिकेत ओक्लाहोमा राज्यात मुझफ्फर शेरीफ या मानसशास्त्रज्ञाने अकराच्या आसपास वयाची बावीस पोरं शिबिराला नेली. दोन गट केले, त्यांच्यात रस्सीखेच, सामने, बक्षिसं लावली. काही दिवसांत पोरं एकमेकांचे झेंडे जाळण्यापर्यंत आणि खोल्यांवर धाडी घालण्यापर्यंत गेली. मग त्यांना एकत्र जेवायला घातलं, एकत्र सिनेमा दाखवला. झालं काय, तर पंगतीतच अन्नाची फेकाफेक. राग निवळायला लागला तो पाण्याची टाकी बंद पडली तेव्हा आणि जेवण आणणारा ट्रक चालू होईना तेव्हा. ज्या दोराने आधी रस्सीखेच खेळले, त्याच दोराने सगळ्यांनी मिळून तो ट्रक ओढला. आपल्याकडे चिखलात फसलेली बंडी काढताना हेच होतं. चाकाला खांदा लावताना कोणी विचारत नाही, तू कोणत्या घरचा.

तुमच्याकडे अशी बंडी कोणती? शाळेतल्या गुरुजींशी बोला. नवोदयला बसलेली गावातली चार-पाच पोरं असतील, त्यांचा सराव शाळा सुटल्यावर तासभर एकत्र घ्यायला सांगा. वही एक, पेपर एक, वेळ लावायचं घड्याळ गोलूकडे, उत्तरं तपासायचं काम चिंटूकडे, पुढच्या दिवशी उलट. दोघांची गळाभेट व्हायला पाहिजे असं काही नाही. एकाला दुसऱ्याची गरज पडावी, एवढंच बघायचं. तुमची वही मात्र बंद. दिवाळीपर्यंत घरात चिंटूचे गुण विचारायचे नाहीत, गोलूने आपण होऊन सांगितले तरी "हो का" म्हणून पोळी लाटत राहायचं. पहिले आठ दिवस फार जड जातील, अनुभवाने सांगते.

मामाकडे पाठवायचा विचार सोडा, आणि तो आजच सोडा. एक तर नवोदयचा नियम असा आहे की ज्या जिल्ह्यातून परीक्षा द्यायची, त्याच जिल्ह्यात मूल राहत आणि पाचवीत शिकत असलं पाहिजे. यवतमाळमधून अर्ज भरून दिवाळीनंतर वर्ध्याच्या शाळेत नाव घातलंत तर सगळं मुसळ केरात. आणि नियम नसता तरी मी नाहीच म्हटलं असतं. गोलूला त्याचा एकच अर्थ कळेल, की भांडण दोघांचं होतं, पण गाव सोडावं लागलं ते मला. तुमच्या माहेरच्या शेजारी काय हुशार पोर नसेल?

सासूबाईंशी वाद घालू नका. त्यांना धुरा कोरल्याचा राग आहे आणि तो कदाचित खरा असेल. पलीकडच्यांनी दोन तासं खाल्ली की नाही, हे मी इथे बसून कसं सांगणार? पण ते ठरवायची जागा तुमचं स्वयंपाकघर नाही. तालुक्याच्या भूमी अभिलेख कार्यालयात मोजणीचा अर्ज करता येतो, पैसे भरायचे, माणूस येऊन हद्द दाखवून जातो. मालकांना म्हणा, एकदा मोजून घ्या आणि निकाल लावा, नाहीतर त्या दोन तासांवर पाणी सोडा. दोन्ही नसेल करायचं तर निदान गोलू ताटावर असताना धुऱ्याचं नाव काढायचं नाही. हे मालकांना पटवणं तुम्हाला शिंगापेक्षा कठीण जाणार, मला माहीत आहे. कपाशीचा हंगाम तोंडावर आहे, त्यांच्या डोक्यात आधीच भाव आणि बोंडअळी. वावरातून आल्या आल्या विषय काढू नका. जेवण झाल्यावर, ओट्यावर बसल्यावर काढा. शिंग मोडताना पोरगं काय बोललं ते त्यांना शब्दाला शब्द ऐकवा आणि गप्प बसा. बापाला स्वतःचं वाक्य पोराच्या तोंडून आलेलं ओळखू येतं.

एक गोष्ट मात्र लक्षात ठेवा. गोलूची झोप उडाली, शाळेच्या वेळेला रोज पोट दुखायला लागलं, जेवण तुटलं किंवा मारामारी वाढतच गेली, तर मग हे चढाओढीच्या पुढे गेलं समजा. आधी गुरुजींना गाठा. त्याने भागलं नाही तर १४४१६ हा सरकारच्या टेली-मानसचा, म्हणजे मानसिक आरोग्यासाठी फोनवरून मदत देणाऱ्या सेवेचा, क्रमांक आहे, फुकट आहे, मराठीत बोलता येतं. पत्रावरून तरी मला तसं काही वाटत नाही. आईवर रुसून बसलेलं पोरगं आहे ते, आणि रुसायला त्याच्याकडे कारण आहे.

सुताराकडे बाजाराच्या दिवशी जाऊ नका, त्याला सवड नसते आणि शिंग घाईत वाकडं बसतं. काय झालं ते कळवा. आणि त्या पत्रात गोलूचे गणिताचे गुण लिहा, मला अजून कळलेले नाहीत.